सागरच्या पाळीवरचा कागद

दर्याच्या एका छापील नकाशात माझ्यामुळे एक चूक झाली. बंगालच्या उपसागराच्या मधोमध एक बारीक टिंब, तिथून निघालेला लाल बाण, आणि त्या बाणाचं टोक गंगेच्या मुखाशी असलेल्या सागर बेटावर टेकलेलं. तो बाण खोटा आहे. ज्या कागदाचा प्रवास तो दाखवतो, तो कागद आगगाडीने, माझ्या भावाच्या सदऱ्याच्या खिशात बसून आमच्या आमगाव स्टेशनात उतरला होता. मी स्वतः आजतागायत समुद्र पाहिलेला नाही. तरी माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बाईने एका परक्या देशाच्या दफ्तराला फसवलं, आणि तेही एक शब्द खोटा न लिहिता.

हे कळायला आधी आमचा तलाव कळायला हवा. आमचं घराणं शेतकऱ्यांचं, पण लोक आम्हाला ओळखत ते तलावांमुळे. कुठल्या उतारावर पाळ घातली तर पाणी अडेल, हे आमच्या वाडवडिलांना नुसतं फिरून कळायचं म्हणतात. आमच्या गावात लहान तळं असलं की ती बोडी, आणि मोठा तलाव तो सागर. त्याला दुसरं नाव नव्हतंच. म्हशी सागरावर जायच्या, बाया सागरावर धुणं न्यायच्या, माहेरी आलेल्या मुली सागरच्या पाळीवर बसून सासूची उणीदुणी काढायच्या. खऱ्या समुद्राला आमच्याकडे समुंदर म्हणत, आणि तो कहाणीतच असायचा.

सागरचं पाणी दोन गावांचं होतं, एक आमचं आणि एक पल्याडचं. पाळीच्या पोटातून पाणी सोडायचं जे दगडी तोंड असतं त्याला तुडुम म्हणतात. ते किती उघडायचं नि किती दिवस, हे ठरवणारा तो पाणकर. आमच्या गावचे पाणकर माझे वडील, म्हणजे बा. पाण्यात एक खाचा पाडलेला दगडी खांब उभा होता. पाऊस ओसरला की धान कापेपर्यंत रोज सकाळी दोन माणसं त्या खांबासमोर उभी राहत, एक आमच्या गावचा आणि एक पल्याडचा. पाणी कितव्या खाचेला आहे ते दोघांनी एकाच वेळी मोठ्याने बोलायचं. आकडा जुळला की पाळीवरच्या मारुतीच्या देवळाच्या मागच्या भिंतीवर कोळशाने खूण व्हायची. आधी पल्याडच्याने उभी रेघ मारायची, मग तिच्यावरून आमच्याने आडवी. उभी रेघ एकटी असली तर त्या दिवसाची मोजणी कच्ची. एका तोंडाने सांगितलेलं पाणी बा मानतच नसत. दर पोळ्याला ती भिंत चुन्याने पांढरी करायची आणि नव्या रेघा सुरू.

पल्याडहून मोजायला येणारा म्हातारा एकच, वर्षानुवर्षं तोच. त्याचं आणि बांचं एका बैलावरून वाजलं होतं. बैल कधीच मेला, भांडण मात्र धडधाकट होतं. रोज सकाळी दोघं शेजारी उभे राहायचे, आकडा बोलायचे आणि दोन दिशांना तोंडं करून निघून जायचे. आकड्याशिवाय तिसरा शब्द नाही. घरात आम्ही त्याचं नावसुद्धा घेत नसू, नुसतं 'पल्याडचा' म्हणायचो.

माझा भाऊ मोठा झाला तशी आमच्या गावची आडवी रेघ त्याच्याकडे आली. त्याची नजर तीक्ष्ण होती. वाऱ्याने पाणी हलत असलं की तो घाई करायचा नाही. तीन लाटा जाऊ द्यायचा आणि मगच तोंड उघडायचा. पल्याडचासुद्धा त्याच्यासाठी थांबायचा. हे मी पाळीवर भांडी घासताना कितीदा पाहिलं आहे. मला त्या खांबापाशी उभं राहायची फार हौस होती, पण ते बायकांचं काम नव्हतं, आणि मी विचारलंही नाही.

आणि असा हा भाऊ पळाला. पळाला म्हणजे सांगूनच गेला, पण बा शेवटपर्यंत 'पळाला' असंच म्हणत. आधी गोंदियाला इंजिनात कोळसा टाकायच्या कामाला लागला. तिथे कोणी तरी सांगितलं की कलकत्त्याला जहाजावर हेच काम मिळतं. निघायच्या दिवशी बा ओसरीवर दोर वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काऊन जाऊन राहिला?" त्यांनी विचारलं.

"पाहून येतो, बा. एवढा पानी म्हंजे किती पानी, एकडाव पाहून येतो."

"इथला पानी मोजून झाला का तुहा?"

भाऊ हसला आणि त्यांच्या पाया पडून गेला. बांनी दोर वळणं थांबवलं नाही, पण तो दोर पुढे कुठल्याच कामाचा राहिला नाही, इतका वेडावाकडा पीळ पडला होता त्याला. त्यानंतर सकाळची आडवी रेघ बा स्वतः मारू लागले.

माझं लग्न होऊन मी तोवर आमगावला आले होते. आमचं घर स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, आणि माहेर दोन कोसांवर. भावाची पत्रं माझ्याकडे यायची, कारण गावात टपाल आठवड्याला एकदा जाई. मी ती माहेरी नेऊन वाचून दाखवायची. बा ऐकत नसल्यासारखं करायचे आणि मी एखादी ओळ गाळली की, "अर्धा काऊन वाचून राहिली?" म्हणून खेकसायचे.

लढाई सुरू व्हायच्या आदल्या दिवाळीत भाऊ घरी आला. काळा ठिक्कर पडला होता, कानाशी भाजल्याचा डाग होता आणि बोलण्यात निम्मी हिंदी शिरली होती. भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं. कलकत्त्याहून आलेला भाऊ ताटात काय टाकतो इकडे माझं सगळं लक्ष. चार महिन्यांपासून मी शेजारणींना बांगड्या येणार म्हणून सांगून ठेवलं होतं. त्याने सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला एक कागद काढला आणि ताटात ठेवला.

मी तोंड फुगवलं. कागदावर बारीक छापील अक्षरं होती, एकाच मजकुराची सात-आठ भाषांत. त्यात आपली एकही नव्हती. वरच्या अर्ध्या भागात शाईने काहीबाही आकडे लिहिलेले होते आणि खालचा अर्धा भाग कोरा होता.

"हे कायले दिलं मले?" मी म्हटलं.

मग त्याने सांगितलं. जहाजावर एक साहेब होता, हवेची आणि पाण्याची नोंद ठेवणारा. रोज दुपारी बारा वाजता समुद्रातून बादलीभर पाणी वर ओढायचं आणि त्यात काचेची नळी बुडवून ते किती गरम आहे ते पाहायचं. बादली ओढायला बळकट माणूस हवा, म्हणून बॉयलरवरून भावाला बोलवत. पहिल्याच दिवशी साहेबाने नळी पाहिली आणि वहीत आकडा लिहून सही केली. भावाने विचारलं, दुसरा कोण? साहेबाला कळेना. भावाने मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं की एकट्याने पाहिलेलं पाणी खरं धरत नाहीत. साहेब खूप हसला. पण माणूस चांगला असावा. त्याने भावाला नळीवरचे आकडे वाचायला शिकवले आणि त्या दिवसापासून दोघं मिळून वाचू लागले. साहेब सही करायचा आणि भाऊ त्या सहीवरून आडवी रेघ मारायचा.

ओसरीवर बसलेले बा आता उघडपणे ऐकत होते. ते म्हणाले, "नि हा पानी मोजून कोनाच्या बांधीत सोडतेत?"

"कोनाच्याच नाई, बा. नुसता लिवतेत. सगळ्या देशांचे जहाज एकाच घटकेले पाहतेत, लिवतेत, नि मंग एकमेकाले देतेत."

"भांडन असलं तरी?"

"भांडन असलं तरी."

ज्या पाण्यातून धानाची एक बांधीसुद्धा भिजायची नाही ते पाणी लोक रोज मोजतात आणि फुकट एकमेकांना सांगतात, हे बांच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. शेवटी म्हणाले, "मंग चांगले लोक असतीन." भावाच्या नोकरीबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला हा एकुलता एक बरा शब्द.

ओवाळणीच्या कागदाची गोष्ट भावाने मला एकटीला सांगितली, आम्ही दोघं सागरच्या पाळीवर गेलो तेव्हा. असे कागद बाटलीत घालून, बूच मारून समुद्रात सोडतात. आपण कुठे आहोत, कोणती तारीख, ते साहेब वर लिहितो. बाटली वाहत वाहत कुठल्या तरी किनाऱ्याला लागली की ज्याला सापडेल त्याने खाली लिहायचं, कुठे सापडली, कधी सापडली, आणि कागदावर ज्याचा पत्ता छापला आहे त्या दफ्तराला पाठवायचं. म्हणजे समुद्रातलं पाणी कुठून कुठे जातं ते कळतं. "हा कागद मागच्या भाऊबीजेचा आहे," तो म्हणाला. "तू इथं ताट घेऊन बसली असशीन, नि मी तिथं. कागद तुह्यासाठी ठेवून घेतला, बाटली रिकामीच फेकली. साहेबाच्या वहीत टाकली म्हनून लिवलं आहे. बाले नको सांगू हं, मारंन मले."

मी नाही सांगितलं. बांगड्यांचा रागही मग गेला.

भाऊ परत गेला तो गेलाच. लढाई सुरू झाल्यावर एक पत्र आलं, त्यातल्या बंदराच्या नावावर सरकारने काळी शाई फासलेली. त्यात त्याने लिहिलं होतं की आता नोंदी कोणी कोणाला देत नाही, सगळ्या कुलपात ठेवतात, पण साहेब म्हणतो मोजणं थांबवायचं नाही. नंतर पत्र नाही. स्टेशनात गाडी लागली की मी दारात येऊन उभी राहायची. कलकत्त्याकडून उतरलेल्या माणसांना विचारायची, जहाजावरचे लोक कुठे आहेत हो? माणसं मला वेडी समजत. समजोत. माझे यजमान पहिल्यांदा रागावले, मग तेच गाडीच्या वेळेला मला हाक मारू लागले.

पत्रं थांबली त्या वर्षीच्या पोळ्यानंतर बांनी भिंतीवर आडवी रेघ मारणं सोडून दिलं. आकडा मोठ्याने बोलायचे, पल्याडचा उभी रेघ मारायचा, आणि बा कोळसा खाली ठेवायचे. "ते रेघ त्याची आहे," एवढंच म्हणत. सगळा जन्म ज्याने एकट्या उभ्या रेघेवर पाणी सोडलं नाही, त्याने आपला नियम आपणच मोडला. पल्याडच्याने तक्रार करायला हवी होती, तो हक्कच होता त्याचा. त्याने ती केली नाही. भिंतभर नुसत्या उभ्या रेघा, वर्षामागून वर्ष.

लढाई संपली. शिपाई लोक घरी आले, काही पाय गमावून आले, पण आले. मी जहाजाच्या कंपनीला दोनदा पत्र घातलं. उत्तर एकदाच आलं, की या नावाचा माणूस आमच्या कागदांत नाही. मला त्या उत्तराचा आनंद झाला. खरंच झाला. त्यांच्या कागदांत नाही म्हणजे त्याने ते जहाज सोडलं असेल, दुसरं धरलं असेल, कुठल्या तरी बंदरात अडकला असेल. खलाशांची नावं तिथले कारकून आपल्या सोयीने लिहितात, हे मला माहीत होतं. पण मी ते मनात येऊ देत नव्हते.

मग एक दिवस पेटी आवरताना ओवाळणीचा कागद हाती आला, आणि मला वाटलं, सगळ्या जगात एकच दफ्तर असं आहे ज्याने स्वतःहून विचारलं आहे, कुठे सापडलं ते कळवा. बाकी सगळ्यांना मी विचारत होते. इथे मला कोणी तरी विचारत होतं. मी कागद घेऊन शाळेच्या मास्तरांकडे गेले. इंग्रजी लिहिणारे तेवढेच. मास्तर भले होते, पण त्यांच्यासमोर बसलं की आपण नापास झालोय असं वाटायचं.

"कुठे सापडला?" त्यांनी विचारलं.

मी खरं तेच सांगितलं. "सागरच्या पाळीवर." भावाने तिथेच तर समजावून दिला होता. मास्तर मूळचे इकडचे नव्हते. त्यांनी इंग्रजीत लिहिलं, 'सागरच्या किनाऱ्यावर'. तारीख मी त्या भाऊबीजेची दिली, तीही खरी. आणि मागच्या बाजूला मी माझ्या हाताने मराठीत लिहिलं: 'ही बाटली ज्याने टाकायची होती तो माझा भाऊ. तो साहेबाबरोबर रोज पाण्याची नोंद करतो. तो सध्या कोठे आहे ते कृपा करून कळवावे.'

"अहो बाई, सरकारी कागदावर असं लिहीत नसतात. आणि मराठी कोण वाचणार तिथे?"

"तुम्ही पाठवा तर खरं," मी म्हटलं.

उत्तर यायला वर्ष गेलं. स्वातंत्र्याचं झेंडावंदन होऊन महिना गेला होता, शाळेवर भिजून वाळलेल्या कागदी पताका लोंबत होत्या, तेव्हा ते जाड पाकीट आलं. मास्तरांनी मला बसवून वाचून दाखवलं. पत्र फार आदराने लिहिलेलं होतं. कागद परत पाठवल्याबद्दल आभार. भर समुद्रात टाकलेली बाटली एका वर्षात सागर बेटाला लागली, ही गोष्ट त्यांना मोलाची वाटली होती. नव्या नकाशात त्यांनी ती बाणाने दाखवली होती आणि नकाशाची एक प्रत सोबत जोडली होती. मास्तरांनी तो पसरला आणि बाण दाखवला. "गंगासागरच्या यात्रेला गेला होतात वाटतं?" त्यांनी विचारलं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं काय घोळ झाला ते. मला हसू फुटलं. पण पत्र संपलं नव्हतं.

पुढे लिहिलं होतं की मागच्या बाजूची ओळ वाचायला वेळ लागला, ती भाषा येणारा माणूस तिसऱ्याच एका देशात भेटला. ते जहाज त्यांच्या देशाचं नव्हतं, म्हणून ज्या देशाचं होतं तिथल्या दफ्तराला त्यांनी विचारलं. लढाईत अशी पानं कोणी कोणाला देत नव्हतं, आता पुन्हा देऊ लागले होते. त्या दफ्तराने जहाजाकडून आलेल्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवला. ते पान एका बंदरातून टपालात पडलं होतं. त्या बंदरातून जहाज निघालं आणि पुढच्या बंदराला पोचलं नाही. खलाशांची यादी त्यांच्यापाशी नव्हती. तेव्हा आपले बंधू त्या वेळी जहाजावर होते की नव्हते, हे सांगता येत नाही, याचं फार वाईट वाटतं, असं त्यांनी लिहिलं होतं.

आणि शेवटी एक विनंती. या जहाजाच्या पानांवर, पहिले काही दिवस आणि मधले काही आठवडे सोडले तर, प्रत्येक नोंदीच्या सहीवरून एक आडवी रेघ मारलेली आहे. नोंद रद्द केल्याची ती खूण समजून दोन्ही दफ्तरांनी त्या सगळ्या नोंदी बाजूला ठेवल्या आहेत. आपले बंधू नोंदीच्या कामात होते असं आपण लिहिता, तर याविषयी काही ठाऊक असल्यास कळवावं.

मास्तर म्हणाले, "आता हे तुम्हाला काय ठाऊक असणार!" आणि त्यांनी फोटो माझ्या हातात दिला.

सहा-सात ओळी होत्या. आकडे, मग साहेबाची आखूड सही, आणि सहीवरून डावीकडून उजवीकडे ओढलेली रेघ. शेवटाला जरा वर उचललेली. भाऊ कोळशाने मारायचा तेव्हाही ती अशीच वर जायची, बा त्यावरून त्याला बोलायचे. सगळ्यात खालच्या ओळीवरही ती होती.

पाकीट घरी आणलं आणि तुरीच्या डाळीच्या डब्यात खाली खुपसून ठेवलं. चार दिवस स्वयंपाक केला, माणसांना वाढलं, गाडीच्या वेळेला दारातसुद्धा जाऊन उभी राहिले. जहाजावरच्या त्या रेघा कोणाच्या आहेत हे सगळ्या जगात मला आणि बांना दोघांनाच माहीत होतं. मी बोलले नाही तर माझा भाऊ कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नाही, एवढंच राहिलं असतं. त्या 'ठाऊक नाही'वर मी इतकी वर्षं काढली होती. आणखी काढली असती.

पण मला राग येऊ लागला. त्या दफ्तरांवर नव्हे, त्यांची काय चूक! पण माझ्या भावाने बॉयलरच्या आगीतून वर येऊन रोज बादलीभर समुद्र ओढला, तीन लाटा जाऊ देऊन आकडा वाचला, आणि ते सगळं रद्द म्हणून कुठल्या तरी कपाटात पडलं होतं. खरं आहे म्हणून मारलेली रेघ खोटं म्हणून वाचली जात होती. पाचव्या दिवशी मी डबा उपसला, पाकीट घेतलं आणि चालत माहेरी गेले.

बा खांबापाशीच होते, सकाळची मोजणी नुकतीच झालेली. मी त्यांना पाळीवर बसवून सगळं सांगितलं. त्यांनी फोटो हातात घेतला नाही.

"रेघ कोनत्या कोनत्या दिवशी आहे?"

"तो होता त्या सगळ्या, बा."

"शेवटच्या दिवशीबी?"

"शेवटच्या दिवशीबी."

त्यांनी पाण्याकडे तोंड केलं. मी रडत होते आणि रडत रडतच ओवाळणीच्या कागदाचंही सांगून टाकलं, की बाटली रिकामी फेकली होती, की बाण खोटा आहे. मला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी विचारलं, "एकाच दिवसाचं खोटं आहे?"

"एकाच. भाऊबीजेचं."

"मंग दोनी लिव. त्या दिवसाचं खोटं आहे तेबी लिव, नि बाकीचं खरं आहे तेबी. नाई त कोन मानंन?"

पत्र मी तिथेच देवळाच्या पायरीवर बसून लिहिलं, मराठीतच. वाचणारा माणूस त्यांना सापडतो हे आता माहीत होतं. आमचा सागर म्हणजे तलाव आहे, कागद पाण्यात पडलाच नव्हता, बाण खोडावा. आणि आडवी रेघ म्हणजे दुसऱ्याने पाहून खरं धरलं, तरी त्या नोंदी जमेस धराव्यात. लिहून झालं आणि बा उठले. तुडुमाशी रेंगाळलेला पल्याडचा आता पाळीवरून आपल्या गावाकडे निघाला होता. बांनी त्याला त्याच्या नावाने हाक मारली. ते नाव मी पहिल्यांदा ऐकत होते.

म्हातारा परत आला. मी त्याला पत्र वाचून दाखवलं. तो बांकडे पाहत नव्हता, खांबाकडे पाहत होता. मग म्हणाला, "पोरगा कधी चुकीचा नाई बोलला. मी चुकलो दोन-चारदा. तो थांबायचा माह्यासाठी." त्याने माझ्या हातून टाक घेतला आणि पत्राखाली उभी रेघ मारली. टाक त्याने बांपुढे धरला.

बांनी तो घेतला नाही. "माह्या हातानं होत नाई," ते म्हणाले. "बाई, तू मार."

ती रेघ भावाची होती. तो आल्यावर मारणार होता. मी टाक दौतीत बुडवला, मी रेघ मारली, आणि माझा भाऊ गेला.

दफ्तराचं उत्तर पुढे आलं. त्या जहाजाच्या सगळ्या नोंदी दोन्ही देशांनी आपल्या पुस्तकात घेतल्या होत्या. बाण काढून टाकला होता, आणि जुना नकाशा कृपया फाडून टाकावा किंवा परत पाठवावा, म्हणजे कोणाची दिशाभूल होणार नाही, अशी नम्र सूचना होती.

मी फाडला नाही आणि पाठवलाही नाही. तो डाळीच्या डब्यातून पेटीत गेला, अजून तिथेच आहे. भाऊबीजेला काढते, पसरते, ताट शेजारी ठेवते. त्या नकाशात तो भर समुद्रातून निघतो आणि सागरला येऊन पोचतो.